दह्यातला केस

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. २ डिसेंबर १९३५

ती. सौ. भिकुअक्का हीस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

तुझे कार्ड पोचले. पहूरला कापसाची वेचणी जोरात आहे आणि दाजींचा खोकला हटला, हे वाचून बरे वाटले. इकडे आम्ही खुशाल आहोत, म्हणजे खुशाल असायला हरकत नव्हती. पण घरात केस झाले आहेत.

माणसांचे नव्हेत, कुत्र्याचे. दसऱ्याला आपल्या आबांना पारोळ्याच्या मळ्यातून मी इकडे आणले, तेव्हा काबऱ्याही मागोमाग आला, हे तुला ठाऊक आहेच. गाडीत आबा आणि गाडीखालच्या सावलीत काबऱ्या, असे ते पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत आले. तेव्हा मला कौतुक वाटले होते. आता माझ्या काळ्या कोटावर पांढरे केस असतात आणि आबांच्या धोतरावर काळे. काबरे कुत्रे पाळले की दोन्ही रंगांची सोय होते. मध्यंतरी डेप्युटी साहेब शाळा तपासायला आले, तर माझ्या बाहीकडे बघून त्यांनी विचारले, की मास्तर, घरी मेंढ्या आहेत काय. अख्खा वर्ग हसला. ते मी सोसले.

पण यशोदेच्या दह्यात केस निघू लागले आहेत आणि ते तिला सोसत नाही. तिचे दही तू खाल्ले आहेस. कापले तर वडी पडावी असे. हल्ली सकाळी मडके उघडले की वरच एक काळा केस असतो, आणि त्या दिवशीचे माझे जेवण मुकाट्याने होते. तिने सांगून टाकले आहे, की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आळीतल्या बायका यायच्या आत कुत्रे घराबाहेर गेले पाहिजे.

हे मी आबांच्या कानावर घातले. ते चिडले असते तर बरे झाले असते. शांतपणे म्हणाले, की काबऱ्या जाई तठे मी बी जासू. मग काठी चाचपत म्हणाले, की हाई पंडितनं घर शे, आपलं घर तठे शेच ना.

तठे म्हणजे मळ्यात. मळा वाट्याने दिला आहे. तिथे आता एक खोली आणि एक विहीर, आणि त्या विहिरीला कठडा नाही. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. थोडेसे अंधुक दिसते, असे ते म्हणतात. तिथे ते एकटे राहिले तर मला इथे अन्न गोड लागायचे नाही. तेव्हा काबऱ्या राहील तर आबा राहतील, आणि केस जातील तर काबऱ्या राहील, अशी सगळी गाठ बसली आहे.

तुमच्या घरी सदा कुत्री असतात, पण तुझ्या ताकात मी कधी केस पाहिला नाही. तू काय करतेस ते सविस्तर कळव. दाजींना नमस्कार. लोभ वाढता असावा आणि केस घटते असावेत, एवढीच विनंती.

तुझा
पंडित

॥ श्री ॥
पहूर
ता. ९ डिसेंबर १९३५

चि. पंडित यास,
भिकुअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी मी हसले, मग पत्रातल्या विहिरीपाशी आले आणि हसू जिरलं. आबा मळ्यात एकटे राहायचे नाहीत, हे पक्कं धरून चाल. राहता राहिले केस. त्यांचं बघू.

खरं सांगायचं तर आमच्या घरात केस का दिसत नाहीत, याचा मी आजवर विचारच केला नव्हता. आमचा तांब्या पायरीवर निजतो आणि उंबरा ओलांडत नाही, एवढंच मला ठाऊक. पण तू विचारलंस आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. तेव्हापासून मी तांब्याच्या मागे आहे. घरची मंडळी, म्हणजे तुझे दाजी, म्हणतात, की बाई कापूस वेचायचं सोडून कुत्र्याचे केस वेचायला लागली. म्हणू देत.

कोरड्या केरसुणीनं झाडलं की केस उडतात. उडून पुढं जातात आणि आपण पाठ फिरवली की पुन्हा जागेवर, तुझ्या वर्गातल्या पोरांसारखे. म्हणून गोणपाट ओलं करून घट्ट पिळायचं आणि आधी ते जमिनीवरून ओढायचं. केस त्याला चिकटून येतात. केरसुणी मग. सारवणाच्या दिवशी तर हे आधी केलंच पाहिजे, नाही तर केस सारवणात बसतात आणि पोपडा सुटला की पुन्हा वर. तुझ्या कोटावरून ओला तळवा एकाच अंगानं फिरव, केसांची वात होऊन येते. उलटसुलट फिरवलास तर येत नाही. असं का, ते मला कळलं नाही. तू नावाचा पंडित आहेस, तुला कळलं तर लिही.

अंगाला तेल चोळायचं मात्र मनातही आणू नकोस. तांब्याला चोळलं, तर तो तडक उकिरड्यात जाऊन लोळला आणि सगळा उकिरडा घेऊन घरी आला. तेल भाकरीवर घाल, चमचाभर तिळाचं. माझ्या सासूबाई घालायच्या. जनावराचं अंग कोरडं पडलं की केस गळतात म्हणायच्या. गुण यायला मात्र वेळ लागेल.

पण मला खरं नवल वाटतं ते दह्याचं. जमिनीवरचा केस जमिनीवर असायचा, तो मडक्यात चढला कसा? दही कुठं असतं? कुत्रं कुठं असतं? आणि केस काळाच का निघतो, पांढरा का नाही? हे तू लिहू नकोस, तुला स्वैपाकघरातलं काय कळतंय. यशोदेलाच लिहू दे.

आबांना माझा नमस्कार सांग आणि काबऱ्याच्या कानामागं माझ्या नावानं खाजव. सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे तशीच राहू दे आणि उत्तराला उशीर लावू नकोस.

तुझी
भिकुअक्का

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. १७ डिसेंबर १९३५

ती. सौ. भिकुअक्कांस,
यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मलाच लिहायला सांगितलंत म्हणून बरं झालं. यांनी माझी बाजू कशी मांडली असेल, ते मी जाणून आहे.

मला आबा जड झालेत असं कोणाला वाटत असेल, तर ते खोटं आहे. मी पाळण्यात असताना माझे वडील गेले. आबा जेवताना पोरी म्हणून हाक मारतात आणि ठेच्याची वाटी चाचपत पुढं करतात, तेव्हा पहिली गरम भाकरी मी त्यांच्याच ताटात वाढते. पण अक्का, दही ही माझी अब्रू आहे. आळीत कोणाचं विरजण बिघडलं की माझ्याकडून दह्याची कवडी मागून नेतात. वच्छलाबाईंसारखी बाई, जिला देवाच्या नैवेद्यातही खोट दिसते, तीसुद्धा नेते. उद्या तिच्या वाटीत कुत्र्याचा केस गेला, तर मी या आळीत तोंड कुठं लपवू?

गोणपाटाचं तुमचं म्हणणं खरं निघालं. पहिल्या दिवशी इतके केस आले, की त्यात आणखी एक लहान कुत्रं झालं असतं. आता जमीन स्वच्छ असते. यांचा कोटही बरा दिसतो. भाकरीवरचं तेल काबऱ्या चाटतो आणि भाकरी आबांच्या पायाशी नेऊन ठेवतो. पण दह्यातला केस काही हटत नाही.

दही कुठं असतं विचारलंत. फळीवर, माझ्या डोक्याच्या उंचीला. काबऱ्या स्वैपाकघरात पाऊल घालत नाही, आबाच येऊ देत नाहीत. यंदा पांझरा नदीवरून असा गार वारा येतो, की दूध विरजतच नाही. म्हणून दिवाळीपासून मी मडकं घोंगडीत गुंडाळून ठेवते. तीही कोणाच्या अंथरुणातली नव्हे, माझ्या आईनं दिवाळीला मुद्दाम पाठवलेली नवी कोरी आहे. वर झाकण असतं. इतकं जपूनही केस आत जातो, म्हणजे तो उडूनच जात असणार. आणि पांढरा का नाही म्हणता, तर दह्यात पांढरा केस दिसेल कसा? म्हणजे पांढरे आम्ही खातच असू. या विचारानं मला घास उतरत नाही.

संक्रांत जवळ आली. मी वाईट नाही, अक्का, पण माझाही इलाज खुंटला. तुमच्या लोभात माझी जागा आहे तशी राहू द्यावी.

आपली
यशोदा

॥ श्री ॥
पहूर
ता. २३ डिसेंबर १९३५

चि. सौ. यशोदेस,
भिकुअक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू वाईट आहेस असं कोण म्हणतं? वाईट असतीस तर कुत्र्याला काठी घालून मोकळी झाली असतीस, मला पानभर पत्र कशाला लिहिलं असतंस?

तुझं म्हणणं वाचलं आणि मी एक उद्योग केला. पायरीवर तांब्याच्या अगदी नाकापाशी दह्याचं भांडं ठेवलं, वर नुसती ताटली. सकाळी दही चाळणीतून गाळलं. आत एक मेलेली माशी होती. केस एकही नाही. दुसऱ्या दिवशी ताटलीही काढली, तर तांब्यानं दहीच खाल्लं, त्यामुळं त्यातून काही कळलं नाही. घरची मंडळी ओसरीवरून म्हणाली, की आता कुत्रंच दह्यात विरजायला ठेव. मी लक्ष दिलं नाही.

तेव्हा बघ, तांब्याच्या नाकाशी ठेवलेल्या दह्यात केस जात नाही आणि तुझ्या फळीवरच्या मडक्यात जातो. यात काही तरी आहे जे आपल्या दोघींना दिसत नाही. काबऱ्याचे केस घोंगडीला चिकटून वर जातात का? एकदा ती उन्हात झटकून बघ. आणि तुझी संक्रांतीची मुदत जरा सैल कर. सुनेच्या तोंडून निघालेला शब्द म्हातारं माणूस फार दिवस जपून ठेवतं.

काळजी घे, आणि या नणंदेवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
भिकुअक्का

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. २९ डिसेंबर १९३५

ती. सौ. अक्का हीस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

आधी सांगतो, आबा घरी आहेत आणि सुखरूप आहेत. आता पुढचे वाच.

पांझरेच्या वाळूत ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन उतरले आहेत. परवा शाळेतून येताना पाहिले, तर त्यांची लोकर कातरणे चालले होते. एकेक मेंढी कातरीखालून निघून उठत होती आणि तिच्या अंगावर नावालाही केस राहत नव्हता. माझ्या मनात आले, हे आपल्याला इतके दिवस कसे सुचले नाही! आबा दुपारचे पडले होते. त्यांना न सांगता मी काबऱ्याला दोरी लावली आणि नेले. तो ठेलारी म्हणाला, की मास्तर, मेंढीच्या अंगात थंडी सोसायची चरबी असते, या बिचाऱ्याकडे काय आहे? मी म्हणालो, तू काप. काबऱ्या उभा राहिला आणि सगळा वेळ माझ्याकडे बघत होता. घरी आणला तेव्हा तो निम्मा झाला होता.

आबा उठले. रोजच्यासारखा त्यांनी खाटेवरून हात खाली सोडला आणि काबऱ्याने त्या हाताखाली डोके घातले. हात डोक्यावरून पाठीवर गेला आणि थांबला. पुन्हा एकदा फिरला. मग त्यांनी तो मागे घेतला आणि म्हणाले, की हाऊ मना काबऱ्या नही. मी सगळे समजावून सांगू लागलो. ते म्हणाले, की माले नको शिकाडू. त्यांचा ठाम समज झाला, की काबऱ्याला मी कुठे तरी सोडून आलो आणि त्यांची समजूत घालायला भलतेच कुत्रे आणून बसवले.

थोड्या वेळाने यशोदा धावत आली. खाट रिकामी होती, काठी नव्हती. मी पूल ओलांडून पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. गाव संपते तिथे मला दोघे दिसले. पुढे आबा आणि मागे काबऱ्या, कुडकुडत. आबा मधेच थांबून त्याच्यावर काठी उगारत होते. तो जरा मागे सरे आणि पुन्हा मागे लागे. मी हाक मारणार, तोच मला दिसले, की पुढे मोरी बांधायला रस्त्यात मोठा खड्डा खणला आहे आणि आबा सरळ त्याच्यावर चालले आहेत. लख्ख ऊन होते, अक्का. मला तो खड्डा इतक्या लांबून दिसत होता. आबांना पायाशी दिसत नव्हता.

काबऱ्याने झेप घेतली, त्यांच्या धोतराचा सोगा दातांत धरला आणि मागे ताणून बसला. आबांनी काठी उगारली आणि ती तशीच वर राहिली. मग ती टाकून ते रस्त्यातच बसले आणि दोन्ही हातांनी त्याचे तोंड चाचपू लागले. मी पोचलो तेव्हा ते त्याला सांगत होते, की तूच शेस रे, तूच शेस.

मळ्यात विहिरीजवळ पाऊल पडले, की काबऱ्या असाच सोगा धरत असे. हे आबांनी काल यशोदेला सांगितले. त्यांना अंधुक दिसत नाही, अक्का. त्यांना दिसतच नाही. आपल्या घरात ते भिंतीला न धडकता चालत होते, ते काबऱ्याच्या पाठीवर हात ठेवून. मी त्यांचा मुलगा, रोज त्यांच्यासमोर जेवायला बसतो, आणि मला फक्त केस दिसत होते. मला माझीच लाज वाटते.

आबा माझ्याशी बोलत नाहीत. काबऱ्या थंडीने कापतो, म्हणून त्यांनी आपले पांघरूण त्याच्यावर टाकले आणि स्वतः खोकत आहेत. मी दुसरे पांघरूण दिले, ते घेत नाहीत. यशोदेने दिलेले घेतले.

आणि आज सकाळी दह्यात पुन्हा काळा केस निघाला. चांगला बोटभर लांब. काबऱ्याच्या अंगावर आता शोधूनही तेवढा केस सापडायचा नाही. मला काहीच कळेनासे झाले आहे.

रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा
पंडित

॥ श्री ॥
पहूर
ता. ३ जानेवारी १९३६

चि. पंडित यास,
भिकुअक्काचे आशीर्वाद, वि. वि.

मी तिथं नाही म्हणून तुझे कान वाचले. कुत्रं आणि मेंढी यांत फरक असतो, हे तुझ्या शाळेतल्या बिगारीच्या वर्गातल्या पोरालाही कळतं.

पत्र घरच्या मंडळींनी वाचून दाखवलं. विहिरीचं आलं तेव्हा तेही थांबले. मग मी चुलीपाशी जाऊन रडले. दसऱ्याआधी मी मळ्यात गेले असते तर मला दिसलं असतं का? नसतंच दिसलं. आबांनी दिसू दिलं नसतं. अंधुक दिसतं म्हणाले, ते आपण मानलं, कारण आपल्यालाही तेच मानायचं होतं. तेव्हा एकट्यानं लाजू नकोस, त्यात माझाही वाटा आहे.

आता कामाचं ऐक. घरची मंडळी चाळीसगावावरून धुळ्याला येताहेत, त्यांच्याबरोबर आबांचा बैल घासायचा खरारा पाठवते. मळा वाट्यानं दिला तेव्हा बैलजोडी माझ्याकडं आली, तिच्यासोबत आला होता, तोच काथ्याचा. मी तांब्यावर करून पाहिलं. आमच्याकडचा लोखंडी खरारा लावला, तर तो ओरडत शेतात पळाला आणि जेवायला आला नाही. काथ्याचा लावला तर डोळे मिटून उभा राहिला, आणि जे केस घरभर पडायचे ते सगळे एका जागी, अंगणात पडले. मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतके दिवस मी पडलेला केस कसा उचलायचा हे शोधत होते. तो पडायच्या आधीच बाहेर नेऊन काढायचा, हे सुचलं नव्हतं. काबऱ्याचे केस वाढले की सुरू करा. पण तू करू नकोस. आबांच्या हातात दे.

आता राहिला दह्यातला केस. काबऱ्या सुटला. तांब्या इथं आहे. मग तुमच्या फळीपाशी केसाळ असं आहे कोण? यशोदेला म्हणावं, कुत्रं विसर आणि फळीवरच्या एकेका वस्तूकडं नव्यानं बघ. मला चैन नाही, तेव्हा कळलं की लगेच लिहा.

रागावले तरी मी तुझीच.

भिकुअक्का

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. १७ जानेवारी १९३६

ती. सौ. भिकुअक्कांस,
यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

चोर सापडला. चोर माझ्या माहेरचा निघाला.

तुमचं पत्र वाचून मी फळीवरचं सगळं खाली काढलं. मीठ, तिखट, चिंच, कशाला केस असणार? शेवटी तुम्ही मागंच सांगितल्याप्रमाणं घोंगडी घेऊन दारात उन्हाला उभी राहिले आणि एकदा झटकली. अक्का, उन्हात केसच केस उडाले. काळे, बोटभर. नवी घोंगडी वापरून मऊ होईतोवर केस सोडते, हे का मला ठाऊक नव्हतं? आमच्या गावच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण आईनं दिलेल्या वस्तूकडं असं कोण बघतं? मी सकाळी ती सोडायची, त्याच हातानं झाकण काढायची आणि मग काबऱ्याच्या नावानं बोटं मोडायची.

 त्या केसापायी आबा काठी घेऊन निघाले होते. तो खड्डा माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मग मी कात्री आणि सुई घेतली. आईला कळलं तर ती चार दिवस बोलायची नाही, पण मी घोंगडी मधून कापली आणि काबऱ्याला झूल शिवली. पोटाखाली बंद, मानेशी गाठ. पोळ्याच्या बैलासारखा तो घरभर हिंडला. आबांनी हात फिरवला आणि विचारलं, की हाई काय शे. मी म्हटलं, आबा, दह्यातला केस. सगळं सांगितलं, काही राखलं नाही. आबा हसायला लागले. हसता हसता खोकला आला, तरी हसणं थांबेना. शेवटी म्हणाले, की पोरी, मना काबऱ्यानी तुना दहीकडे कधी देखंबी नही. दसऱ्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मला मात्र रडू आलं, आणि ते त्यांना न दिसताच कळलं.

संक्रांतीला बायका आल्या. झूल घातलेलं कुत्रं दारात बघून वच्छलाबाईंनी नाकाला पदर लावला. मी तिळगूळ देतादेता सगळी हकीकत आपल्याच तोंडानं सांगून टाकली, म्हणजे मागून कुजबूज नको. वच्छलाबाईंनी पदर खाली घेतला. मग हळूच म्हणाल्या, की त्यांच्याही ताकात हल्ली केस येतो आणि त्या बिचाऱ्या सुनेच्या वेणीला बोल लावतात. त्यांच्याकडंही यंदा नवी घोंगडी आहे.

मडकं आता मी भुशाच्या टोपलीत ठेवते. दही छान लागतं आहे. भावोजींनी खरारा आणून दिला. पुढचं हे लिहितील. तुम्ही नणंद नसून वकील व्हायला हव्या होत्या. तुमची माया माझ्या वाट्याला अशीच येत राहो.

आपली
यशोदा

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. १ मार्च १९३६

ती. सौ. अक्का हीस,
पंडितचा शि. सा. न. वि. वि.

दीड महिना पत्र नाही म्हणून तू फणफणली असशील. सांगण्यासारखे घडावे म्हणून थांबलो होतो.

दाजींनी खरारा आबांच्या हातात ठेवला, तेव्हा त्यांनी तो आधी नाकाशी नेला. मग जोडीतल्या एकेका बैलाचे नाव घेऊन विचारले, कसा आहे, खातो का. त्यानंतर खरारा उशाशीच असे. गेल्या पंधरवड्यात काबऱ्याच्या अंगावर बऱ्यापैकी केस आले आणि आबांनी काम सुरू केले. सकाळी ऊन पडले की काबऱ्याच्या पाठीवर हात ठेवून ते मागच्या अंगणात लिंबाखाली जातात आणि त्याला खरारा करतात. कानापासून शेपटीपर्यंत, एक जागा सोडत नाहीत. घरात आता क्वचित एखादा केस दिसतो. यशोदा म्हणते, की काबऱ्यापेक्षा माझ्या डोक्याचेच जास्त पडतात.

मी रोज जवळ जाऊन उभा राहत असे. ते बोलत नसत. मागल्या रविवारी मी म्हणालो, आबा, थोडे मी करू का? त्यांनी खरारा पुढे केला. मी दोन हात मारले असतील, तर त्यांनी माझे मनगट धरले आणि म्हणाले, की असा नही, केसना वळणवर चाल. आणि माझा हात आपल्या हाताखाली घेऊन फिरवला. लहानपणी बैलांपाशी असाच धरत असत. तू विचारले होतेस ना, ओला तळवा एकाच अंगाने का फिरवायचा? केसाला वळण असते, अक्का. वळणाने गेले तर तो येतो, उलटे गेले तर रुतून बसतो. हे आबांनी सांगितले, आणि डिसेंबरापासून ते माझ्याशी प्रथम बोलले ते हेच.

डॉक्टरांना डोळे दाखवले. मोतीबिंदू पिकला आहे, पण आबा शस्त्रक्रियेला तयार नाहीत. काबऱ्याला दिसते तेवढे पुरे आहे म्हणतात. माझा प्रयत्न चालू आहे. मळ्याचे मात्र ते अजून काढतात. पाडव्याला आपल्या घरी जायचे, असे परवा म्हणाले. 

दाजींना नमस्कार. तुझा हात माझ्या डोक्यावर असू दे, वळणाने.

तुझा
पंडित

॥ श्री ॥
देवपूर, धुळे
ता. ४ मे १९३६

ती. सौ. भिकुअक्कांस,
यशोदेचा शि. सा. न. वि. वि.

आमच्या दह्यात पुन्हा केस निघाला. घाबरू नका, सगळं सांगते.

पाडव्याच्या आधी मी मडकं उघडलं आणि वरच केस. यावेळी पांढरा. ऊन बरोब्बर त्यावर पडलं होतं म्हणून दिसला. घोंगडी नाही, काबऱ्या आत येत नाही, मग हा आला कुठून? तुमची सवय मला लागली आहे. मी ओरडले नाही. तिथंच बसून राहिले आणि वर बघत बसले.

थोड्या वेळानं खिडकीतून चिमणी आली. चोचीत काबऱ्याच्या केसांचा एवढा झुबका! आबा खरारा करून केस लिंबाच्या बुंध्याशी टाकतात, तिथून तिनं उचललेला. ती फळीच्या वर, तुळईच्या खाचेत शिरली. तिथं तिचं घरटं चाललं होतं आणि निम्मे केस माझ्या मडक्यावर गळत होते. आपण इतके उपाय करून जे बाहेर काढलं, ते ही बया चोच चोच करून आत आणत होती!

मी केरसुणी उचलली, खोटं कशाला बोलू. मग मनात आलं, आधी आबांना सांगावं. आबा खाटेवरून उठले, काबऱ्याला उंबऱ्यावर बसवलं आणि चाचपत स्वैपाकघरात आले. फळीखाली उभे राहिले आणि कान वर करून ऐकत राहिले. केरसुणी मी कोपऱ्यात ठेवली. मडकं दुसऱ्या भिंतीला नेलं.

मग रोज हेच. आबा सकाळी काबऱ्याचं करून यायचे आणि मला विचारायचे, की काय करतेय ती. मी चूल फुंकता फुंकता सांगायची. अंडी घातली. आज बसून आहे. आज आत काही तरी हललं. पिलांचा आवाज मात्र आधी त्यांनीच ऐकला, मला ऐकू यायच्या कितीतरी आधी. पाडवा आला आणि गेला. पारोळ्याचं कोणी काढलं नाही. यांनी मला खूण केली, की तूही काढू नकोस.

गेल्या आठवड्यात पिलं उडाली. परवा मी स्टुलावर चढून रिकामं घरटं अलगद काढलं आणि आबांच्या ओंजळीत ठेवलं. ते किती तरी वेळ बोटांनी बघत होते. काडी काढून म्हणाले, हाई तुनी केरसुणी. मग कापूस, समईच्या वातीतला असणार. मग मऊ मऊ काबऱ्याचे केस, ते त्यांनी गालाला लावले. आणि तळाशी एक राठ काळा केस होता. तो बोटांत धरून त्यांनी माझ्याकडं तोंड केलं. मी म्हटलं, हो आबा, माझ्या आईच्या घोंगडीचा.

हे शाळेतून आले होते, दारात उभे होते. आबांनी घरटं दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाले, की बठ्ठं आपला घरनंच शे.

सगळं आपल्याच घरचं, अक्का. दसऱ्यापासून ते या घराला पंडितनं घर म्हणत होते.

हे कोट काढायचं निमित्त करून आत गेले. मी घरटं देवळीत ठेवलं आहे. उन्हाळ्यात या आणि बघा. आलात की दही देईन. केस निघाला तर बाजूला काढायचा आणि खायचं.

आपली
यशोदा